जांभळ्या शेतातले दोन दिवस

संपादक मंडळाचा निरोप आला, ‘यंदा आजार-औषधे नकोत, प्रवासावर काही हलकेफुलके लिहा.’ गेली काही वर्षे मी या स्मरणिकेला लसीकरणावरचे लेख पुरवीत आलो आहे, तेव्हा वाचकांच्या वतीने केलेली ही विनंती रास्तच म्हणायला हवी. प्रवास म्हणून मला आठवतो तो जून २०२३ मधला, जम्मूच्या डोंगरातल्या भदरवाहचा. तेथे लॅव्हेंडरचा उत्सव भरतो. शनिवार-रविवार असे दोन दिवस आम्ही उभयता तेथे होतो. मात्र आजाराला या लेखातून पूर्णपणे हद्दपार करणे मला जमणार नाही, कारण सुगंधाच्या त्या जत्रेला मी गेलो होतो तो नाक गमावून.

एप्रिल २०२१ विषयी इंदूरच्या डॉक्टरांना मी नव्याने काही सांगायला नको. मला स्वतःला कोविड सौम्यच झाला. चार दिवस ताप, थोडा खोकला, प्राणवायूची पातळी उत्तम. पाचव्या दिवशी सकाळी सौ.ने पोह्यांची बशी पुढे ठेवली. वर शेव, त्यावर जीरावण, कडेला लिंबाची फोड. पहिला घास तोंडात घेतला आणि ओला कापूस चावल्यासारखे झाले. गंध गेला होता. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत परतला. माझा पाच महिन्यांनी परतू लागला, पण वाट चुकून. कॉफीला जळक्या रबराचा वास, फोडणीतल्या कांद्याला सांडपाण्याचा. सौ.ने त्या काळात घरात कांदा शिजविला नाही, हे तिचे उपकार.

आमच्या कान-नाक-घसातज्ज्ञ मित्राने समजावले, की हा विषाणू प्रामुख्याने गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर घाला घालतो; एसीई-२ नावाचे दार त्यांच्यावर असते. आधार ढासळला, की गंधपेशीही कोलमडतात. त्यांची पुन्हा उगवण होते, पण नव्या तारा जुन्या खुंट्यांना बरोबर जोडल्या जातीलच असे नाही. औषध असे नाहीच. आहे तो सराव. जर्मनीतील थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेली पद्धत अशी, की गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास सकाळ-संध्याकाळ, मन लावून, काही महिने हुंगत राहायचे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत चार बाटल्या आल्या. नातेवाईक येत, बाटल्या पाहत आणि डॉक्टरांनी आता आयुर्वेद धरला वाटते, अशा समाधानाने परत जात. वर्षभरात लवंग आली, मग लिंबू. बाकी सारे धुक्यात.

डोळा किंवा कान यांच्या मानाने नाक जाणे ही काही मोठी आपत्ती नव्हे, असे अनेकांनी मला सांगितले. बालरोगतज्ज्ञाच्या बाबतीत ते तितकेसे खरे नाही.

१९९४ साली मी एम.डी.चा निवासी डॉक्टर होतो. एके दुपारी सहा दिवसांचे बाळ वॉर्डात आले. दूध ओढत नव्हते, रडणे किनरे, अंग कधी ताठ तर कधी सैल. जंतुसंसर्ग समजून मी प्रतिजैविके सुरू केली. बाळाला उचलताना मेथीचा वास आला. भाजलेल्या मेथीचा, अगदी स्वच्छ. खाटेशेजारी आजी स्टीलचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मराठी कुटुंब, बाळंतिणीचे लाडू, त्यात नवल ते काय? मी हसून म्हणालोही, ‘आजी, तुमच्या लाडवांचा वास बाळापर्यंत पोचला.’ त्याही बिचाऱ्या हसल्या. संध्याकाळच्या फेरीला आमचे सर आले. त्यांनी बाळाच्या कानापाशी नाक नेले, कापसाच्या काडीवर कानातला मळ घेऊन हुंगला आणि विचारले, ‘आजी, लाडू कधीपासून देता आहात?’ आजी म्हणाल्या, ‘अजून कुठले, डॉक्टर? ते बारशानंतर. या डब्यात तिचा मऊ भात आहे.’

बाळाच्या लघवीत डायनायट्रोफेनिलहायड्रॅझिनचे थेंब टाकल्याबरोबर पिवळा साका खाली बसला. मेपल सिरप युरिन डिसीज. मेपलचा पाक आमच्यापैकी कोणी चाखला नव्हता. पाठ्यपुस्तकातला ‘मेपल’ आपल्याकडे मेथी म्हणून ओळखायचा असतो, हे त्या दिवशी कळले. सोटोलोन नावाचे एकच द्रव्य मेपलच्या पाकातही असते आणि मेथीतही. गंमत अशी, की आईने मेथी खाल्ल्यामुळे पूर्ण निरोगी बाळाला हाच वास आल्याच्या आणि डॉक्टरांची धावपळ झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी होऊ शकते. मी केली ती वाईट दिशेची. त्या काळी आमच्या हाताशी ना या मुलांचे वेगळे दूध होते, ना रक्तातली अमिनो आम्ले मोजण्याची सोय. बाळ अकराव्या दिवशी गेले. माझ्या चार-सहा तासांच्या उशिराने काही फरक पडला नाही असे सर म्हणाले, आणि ते खरेही असावे. परंतु त्यानंतर माझ्या हाती आलेले एकही नवजात बाळ कानामागे हुंगल्याशिवाय मी आईकडे परत दिलेले नाही. एप्रिल २०२१ नंतर ते केवळ सवयीचे उरले. नाक जायचे आणि रिकामे परतायचे.

आता प्रवासाकडे वळतो.

सौ. वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका. तिची एक जुनी विद्यार्थिनी जम्मूला नोकरीस आहे. तिने फोनवर भदरवाहच्या उत्सवाचे वर्णन केले आणि आमच्या घरी निर्णय झाला. ‘गंध नसलेल्याने तिथे करायचे काय?’ असे मी विचारले. ‘मला येतो ना वास, मी सांगेन,’ असे उत्तर मिळाले. गुरुवारी दुपारी मालवा एक्स्प्रेसमध्ये बसलो, शुक्रवारी संध्याकाळी जम्मूला उतरलो. शनिवारी पहाटे मोटार निघाली. चनैनी ते नाशरी हा नऊ किलोमीटरहून लांब बोगदा २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून पटनीटॉपचा घाट टाळता येतो, सौ.ला देवदार पाहायचे असल्याने आम्ही तो टाळला नाही. बटोटनंतर चिनाब खाली दिसू लागते आणि पुलडोडापर्यंत सोबत करते. तेथे तिला नीरू नावाचा ओढा मिळतो. या ओढ्याच्या काठाने वर चढत गेले, की डोंगरांनी ओंजळ धरावी तशी एक दरी उघडते, तीच भदरवाह. उंची सुमारे १६०० मीटर. गावात वासुकी नागाचे जुने देऊळ, आणि वर कैलासकुंडाच्या बाजूला जूनमध्येही बर्फाच्या रेघा. लोक याला छोटे काश्मीर म्हणतात.

दुपारी आम्ही एका शेतकऱ्याच्या मळ्यावर गेलो. मळा म्हणजे डोंगरउतारावरच्या अरुंद पायऱ्या. कॅलेंडरवरचा फ्रान्स डोक्यात ठेवून जाणाऱ्याचा येथे विरस होईल. क्षितिजापर्यंत गेलेल्या जांभळ्या रांगा नाहीत. एका पायरीवर लॅव्हेंडर, खालच्या पायरीवर मका, कडेला राजमा, मध्येच अक्रोडाचे झाड, असा सारा संसार. हंगामही नुकता लागला होता. फुले अर्धी उमललेली, अर्धी कळीत. त्यामुळे रंग जांभळा म्हणावा की राखाडी हिरवा, हे ढगांवर अवलंबून होते. पण सूर्य बाहेर आला, की पायरीच्या पायरी पेटल्यासारखी दिसे.

सौ. लगेच गुडघे टेकून बसली. ‘दांडा बघ, चौकोनी. तुळशीच्या कुळातले आहे हे.’ मग भिंग काढून दाखविले, की तेल पाकळीत नसतेच. फुलाला खालून धरणाऱ्या निदलपुंजाच्या शिरांमध्ये चकाकणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, त्यांत ते साठते. पुदिना, मरवा, सब्जा ही सारी याची भावंडे. तिने एक तुरा बोटांत चुरडला आणि माझ्या नाकाखाली धरला. तिची नजर माझ्या चेहऱ्यावर. रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरच्या चेहऱ्याकडे जसे पाहतात, तसे कोणी माझ्याकडे पाहत आहे, हा अनुभव मला नवा होता.

‘आला?’

‘थंड वाटले,’ मी म्हणालो.

वैद्यकीय वाचकांना हे लगेच उमगेल. कापूर, मेंथॉल, अमोनिया यांची थंडाई किंवा झिणझिणी गंधाच्या चेतातंतूने कळत नाही, ती ट्रायजेमिनल पोचविते. माझी ती शाखा शाबूत होती. दारावरची थाप ऐकू येत होती, आत कोण आले ते दिसत नव्हते.

आवाज मात्र होता. एवढ्या मधमाश्या मी एका जागी कधी ऐकल्या नव्हत्या. शेतात उभे राहिले, की पायापासून छातीपर्यंत एक अखंड गुणगुण चढत येते. पुढचा अर्धा तास मी बांधावर नुसता ऐकत बसलो, आणि वासावाचून दुपार वाया गेली असे मला मुळीच वाटले नाही.

शेतकरी चाळिशी ओलांडलेला, मितभाषी. त्याची हकिकत त्याच्याच शब्दांत हिंदीतून ऐकली, येथे मराठीत देतो. पूर्वी सगळीकडे मका असे. पाऊस हुकला की मका गेला, पाऊस आला तर माकडे आणि अस्वले. जम्मूच्या प्रयोगशाळेतली माणसे लॅव्हेंडरची फुकट रोपे घेऊन आली, तेव्हा याने चार पायऱ्या त्याला दिल्या. रोप फांदीपासून करतात. पहिली एक-दोन वर्षे म्हणण्यासारखे काही मिळत नाही. वडील तर इतके संतापले, की दोन महिने बोलले नाहीत. ‘जे खाता येत नाही ते जमिनीत कशाला घालायचे?’ हा त्यांचा प्रश्न. शेजारी येऊन हसून जात. तिसऱ्या वर्षी तेल निघाले. जनावर तोंड लावत नाही, पाणी फार मागत नाही (पाणी साचले तर उलट मरते), आणि एकदा लावले की दहा-पंधरा वर्षे पुन्हा लावायला नको. शंभर किलो ताज्या फुलांतून जेमतेम किलोभर तेल. भाव किलोला दहा हजारांच्या आसपास मिळतो म्हणाला. आता शेजारीही लावतात. कडेचा राजमा तेवढा त्याने ठेवला आहे, वडिलांसाठी. रात्री त्यांच्याच घरी तो राजमा आणि अनारदाण्याची चटणी जेवलो. त्या बारीक, तांबड्या राजम्याला २०२३ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. मला त्याची फक्त ऊब आणि आंबटपणा कळला, सौ. शेजारी बसून हळू आवाजात समालोचन करीत होती.

रविवारी उत्सव. मांडव, कमानी, शाळकरी मुलींची लोकनृत्ये, भाषणे. आपल्याकडच्या कृषिप्रदर्शनासारखेच, फक्त पार्श्वभूमीला देवदार. पहिला उत्सव २६ मे २०२२ रोजी झाला, हा दुसरा. उद्घाटन केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांचे. ते येथले खासदार आणि मुळात मधुमेहतज्ज्ञ. आयोजक जम्मूची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन’ ही सीएसआयआरची संस्था. या संस्थेच्या दालनाशी मी बराच रेंगाळलो. १९४१ साली जम्मू-काश्मीर संस्थानची औषध संशोधन प्रयोगशाळा म्हणून ती सुरू झाली आणि तिचे संस्थापक संचालक होते कर्नल सर रामनाथ चोप्रा. औषधशास्त्राचा भारतीय ग्रंथ म्हणून त्यांचे नाव आपण सर्वांनी दुसऱ्या वर्षाला ऐकलेले आहे. १९३०-३१ च्या ज्या चोप्रा समितीतून पुढे १९४० चा औषध कायदा आला, तेच हे चोप्रा. सर्पगंधेवर काम करणारेही तेच. १९५७ मध्ये प्रयोगशाळा सीएसआयआरकडे आली. सीएसआयआरच्या अरोमा मिशनखाली येथली लागवड वाढली, तिला ‘जांभळी क्रांती’ असे नाव पडले, आणि २०२४ च्या प्रजासत्ताकदिनी ती दिल्लीत सीएसआयआरच्या चित्ररथावर चढली. क्रांती हा शब्द सरकारी फलकांवर फार स्वस्त झाला आहे, असे माझे मत; पण आदल्या रात्री राजमा वाढणाऱ्या त्या म्हाताऱ्याला आठवून मी ते गिळले.

दुकानांतून तेल, साबण, अगरबत्त्या, वाळल्या फुलांच्या पुरचुंड्या, मध. एका दुकानासमोर एक तरुण आई, कडेवर पाचेक महिन्यांचे बाळ. बाळाचे गाल खरखरीत आणि लाल, कोपराच्या खोबणीतही तेच. दुकानदाराकडून ती तेलाची दुसरी बाटली घेत होती. पहिली संपली, रोज रात्री टाळूवर आणि गालांवर चोळते, झोप छान लागते, असे ती कौतुकाने सांगत होती. सौ.ने माझी बाही ओढली. पण तीस वर्षांची खोड बाहीने आवरत नाही.

मी तिला सांगितले ते येथेही लिहितो, कारण आपल्या शहरातही हा प्रकार आता वाढला आहे. लॅव्हेंडरच्या तेलात मुख्यतः लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट असते. उघडी बाटली पडून राहिली, की हवेशी संयोग होऊन लिनालूलची अशी रूपे बनतात, जी त्वचेला ॲलर्जी करतात. इसब झालेल्या बाळाच्या फुटलेल्या त्वचेवर हे तेल निर्भेळ चोळणे म्हणजे आगीत तेल. दुसरी गोष्ट, २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये तीन मुलग्यांची हकिकत आली होती. लॅव्हेंडर किंवा टी-ट्री तेल असलेला साबण, शाम्पू, मलम वापरणाऱ्या या वयात न आलेल्या मुलांचे स्तन वाढले आणि वापर थांबविल्यावर पूर्ववत झाले. प्रयोगशाळेतल्या पेशींवर या तेलांचा स्त्रीसंप्रेरकासारखा परिणामही दिसला. यावर पुष्कळ वाद झाला. तीन मुलांवरून सिद्धांत होत नाही. २०२२ मध्ये आलेल्या एका पाहणीत ही तेले वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या मुलांत संप्रेरकांच्या विकारांचा फरक आढळला नाही. म्हणून घाबरविण्याचे कारण नाही, तसेच तान्ह्या बाळाला रोज चोळण्याचेही नाही. झोपेसाठी बाळाला लागते ते आई जवळ असणे. आणि तिसरी, सर्वांत साधी: बाटली मुलाच्या हाताला लागता कामा नये. कापराच्या वड्या गिळून आकडी आलेली मुले आपण पाहिलेली आहेत. सुवासिक ते निरुपद्रवी, ही समजूत आपल्याही घरांत फार खोल आहे.

दुकानदार हे सारे ऐकत होता. तो अर्थातच नाराज झाला. ‘डॉक्टरसाहेब, आमच्या पोटावर कशाला?’ मला ओशाळल्यासारखे झाले. ज्या गावाला हे पीक तारते आहे, त्याच्याच जत्रेत उभे राहून मी त्याच्या मालाविरुद्ध बोलत होतो. मग त्याच्याशी बसून बोललो. मोठ्यांच्या बाबतीत या तेलाला काही आधार आहे. जर्मनीत याच तेलाची प्रमाणित कॅप्सूल अस्वस्थपणाच्या तक्रारींसाठी मान्य आहे, तिच्या चाचण्या झालेल्या आहेत. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द रूढ करणारे फ्रेंच रसायनज्ञ गॅटफोसे यांचे हात १९१० मध्ये प्रयोगशाळेतील स्फोटात भाजले. जखमा सडू लागल्या तेव्हा लॅव्हेंडरच्या अर्काने धुतल्यावर त्या आटोक्यात आल्या, असे त्यांनी नंतर लिहिले. १९३७ साली त्यांचे पुस्तक निघाले. एका माणसाचा अनुभव तो एवढाच, पण दुकानदाराला तो फार आवडला. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने तो थोडा मीठमसाला लावून सांगितलाही. माझ्या आग्रहावरून त्याने एका पुठ्ठ्यावर हिंदीत लिहिले, ‘छोटे बच्चों को न लगाएँ,’ आणि तो पुठ्ठा समोर ठेवला. तासाभराने पुन्हा तेथून गेलो, तेव्हा त्यावर मधाची बाटली ठेवलेली होती. ‘छोटे बच्चों’ एवढे वाचता येत होते. माझ्याभोवती मात्र एव्हाना पाच-सहा आया मुले घेऊन जमल्या होत्या, कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली होती, आणि सौ. एकटीच नृत्ये पाहायला गेली.

संध्याकाळी आदल्या दिवसाच्या शेतकऱ्याने भट्टी दाखवायला नेले. मुख्य काढणीला अवकाश होता. खालच्या, उन्हाच्या पायरीवर लवकर फुललेले काही भारे त्याने भट्टी तपासून घेण्यासाठी भरले होते. स्टीलचे उंच पिंप, खाली वाफ, वर मान मोडलेल्या बगळ्यासारखी नळी, ती थंड पाण्याच्या टाकीतून जाते आणि शेवटी एका अरुंद भांड्यात ठिबकते. वाफ कोरडी आणि जलद हवी. फुले पाण्यात उकडत राहिली, तर लिनालिल ॲसिटेट फुटून तेलाचा दर्जा उतरतो, हे तो मला रसायनशास्त्राचा एकही शब्द न वापरता सांगत होता: ‘भाजी शिजवायची नाही, वास उचलून घ्यायचा.’ अर्ध्या तासात भांड्यात पाण्यावर फिकट पिवळा थर तरंगू लागला. आजूबाजूची माणसे डोळे मिटून श्वास घेत होती. सौ.चा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे पाहू लागलो. शेतकऱ्याने कागदाची पट्टी थरात बुडवून मला दिली. थंड. तीच थाप, जरा जोरात.

भट्टी उघडली. त्याच्या वडिलांनी, तेच ते दोन महिने अबोला धरलेले, काट्याने आतला चोथा ओढून बाहेर टाकायला सुरुवात केली. वाफाळलेला, काळपट हिरवा ढीग. मी चुकून त्या बाजूला उभा होतो. आणि मला वास आला. फुलांचा नव्हे, उकडलेल्या ओल्या गवताचा. लहानपणी उज्जैनला मामांच्या वाड्यात पहिल्या पावसात कडब्याची गंजी भिजे, तसा. क्षीण होता, पण सरळ होता. त्यात रबर नव्हते, सांडपाणी नव्हते. मी वाकून मूठभर चोथा उचलला. तो भाजण्याइतका गरम होता. म्हातारेबाबा म्हणाले, ‘हे टाकाऊ आहे साहेब, माल तिकडे आहे.’

मी सौ.ला हाक मारली. ती आली, तिने माझ्या हाताकडे पाहिले, काही विचारले नाही. पर्समधून रुमाल काढून तिने त्यात तो चोथा बांधला. मग मोटारीत बसेपर्यंत ती काहीतरी दुसरेच बोलत राहिली, लॅव्हेंडरच्या मुळांविषयी.

सोमवारी उतरताना चिनाबच्या वळणांवर मी मधूनमधून रुमाल हुंगत होतो. चालकाला वाटले मला गाडी लागते; त्याने दोनदा गाडी थांबवून लिंबूसोडा पाजला.

इंदूरला आल्यावर खिडकीतल्या चार बाटल्यांशेजारी पाचवी आली, वाळलेल्या लॅव्हेंडरची. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास एका सकाळी ती उघडली, तेव्हा थंडाईच्या मागे काहीतरी गोडसर हलल्यासारखे वाटले. हेच का ते, हे कसे ओळखावे? मी तो वास पूर्वी नीट घेतलेलाच नव्हता. सौ. म्हणते, हेच. मी तिच्या भरवशावर लॅव्हेंडर आले असे धरले आहे. कांदा घरात परत आला आहे. जीरावण बरेचसे येते. मेथीचा डबा मात्र मी रोज सकाळी उघडतो आणि बंद करतो. ती अजून आलेली नाही.

आता टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या एका थेंबावर मेपल सिरप युरिन डिसीज ओळखता येतो, आणि ज्यांना परवडते त्यांच्या बाळांची ती तपासणी मी करून घेतो. तरीही बाळ हाती आले, की नाक आपोआप कानामागे जाते. त्यानंतर मी ते माझ्याकडच्या परिचारिकेकडे देतो. झाबुआची मुलगी आहे, नाकाची पक्की. पहिल्यांदा तिला हे विचित्र वाटले. १९९४ ची हकिकत सांगितल्यापासून ती कधी विसरत नाही. बाळाला जवळ घेऊन ती दोन श्वास घेते. ‘दुधाचा वास आहे, सर,’ असे ती म्हणाली, की मी बाळ आईकडे देतो.